वाचनालयाला ग्रंथपाल कशाला हवा?

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांहून जास्त आहेत. त्यातली मोजकी सोडली तर बाकीची सरकारी नाहीत. गावातल्या चार माणसांनी पुढाकार घेऊन काढलेली संस्था, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, सभासदांची वर्गणी, सरकारचं अनुदान आणि टेबलामागे बसलेला ग्रंथपाल, एवढ्यावर हा संसार चालतो. आज यातल्या कित्येक संस्थांच्या कार्यकारिणीत एकच विषय पुन्हा पुन्हा निघतो. वाचक रोडावले, अभ्यासिकेला मात्र रांग लागते. मग पुस्तकांचा पसारा आणि ग्रंथपालाचा पगार कशासाठी सांभाळायचा?

पुढचा संवाद याच प्रश्नावरचा आहे. तो कुण्या एका वाचनालयात झडलेला नाही. दोन्ही बाजूंनी ठिकठिकाणी जे बोललं जातं ते मी दोघांच्या तोंडी घातलं आहे. एक आहेत तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचे खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले. दुसऱ्या त्याच वाचनालयाच्या ग्रंथपाल. संस्था टिकावी असं दोघांनाही मनापासून वाटतं. मतभेद आहे तो नेमकं काय टिकवायचं यावर.

खजिनदार : ताई, वार्षिक सभेपुढे जाणारा ठराव वाचलात ना? देवघेव विभाग खालच्या खोलीत हलवायचा, वरचा हॉल सगळा अभ्यासिकेला द्यायचा. पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात की पूर्णवेळ ग्रंथपाल भरायचा नाही. नियमाला लागतो म्हणून प्रमाणपत्र असलेला कुणीतरी अर्धवेळ घेऊ. तुमच्यावर कुणाचाही रोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ग्रंथपाल : मीही मनात काही धरलेलं नाही काका. पण ठरावात एक ओळ आहे, ‘ग्रंथपालाचे काम आता केवळ नोंदींपुरते उरले आहे.’ ती कुणी लिहिली?

खजिनदार : मीच. आणि त्यात खोटं काय? चौकात उभं राहून दहा जणांना विचारा, ग्रंथपाल काय करतो? पुस्तक आलं की शिक्का मारतो, गेलं की नोंद करतो, उशीर झाला की दंड घेतो आणि कुणी बोललं की ‘शांतता राखा’च्या पाटीकडे बोट दाखवतो. लोकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र आहे. मी ते रंगवलेलं नाही.

ग्रंथपाल : चित्र तसंच आहे, आणि आपल्यापुरतंच नाही. अमेरिकेत सिॲटल शहरात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या. १९९८ मध्ये त्यांनी एक उपक्रम सुरू केला. अख्ख्या शहराने एकाच वेळी एकच पुस्तक वाचायचं आणि जागोजागी एकत्र बसून त्यावर बोलायचं. पुढे कितीतरी शहरांनी ही कल्पना उचलली. अशा बाईंची २००३ मध्ये बाहुली निघाली. ती बाहुली काय करत होती? बटण दाबलं की बोट ओठांवर नेऊन गप्प बसायला सांगत होती! शहराला बोलतं करणारी बाई लोकांच्या मनात गप्प बसवणारी म्हणून राहिली. पर्लबाईंनी ते हसतखेळत घेतलं. मला मात्र ते लागतं.

खजिनदार : लागत असेल, पण चित्र उगाच तयार होत नाही. माझं लहानपण याच वाचनालयात गेलं. कपाटांना कुलपं. आत जायची परवानगी नाही. यादीत नाव शोधायचं, चिठ्ठीवर तीन पुस्तकांचे नंबर लिहायचे आणि चिठ्ठी आत सरकवायची. थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, ‘तिन्ही बाहेर गेलीत.’ माझ्या कितीतरी मित्रांनी त्या खिडकीपाशीच वाचन सोडलं. त्या काळच्या ग्रंथपालांनी वाचक तोडले, ताई. हे तुम्हाला मान्य करावं लागेल.

ग्रंथपाल : मान्य आहे. अगदी सगळं मान्य. पण ते कुलूप ग्रंथपालाने स्वतःच्या हौसेने लावलेलं नव्हतं. कार्यकारिणीच्या लेखी पुस्तक म्हणजे संस्थेची मालमत्ता होती. दाखल रजिस्टरात नंबर आहे आणि कपाटात पुस्तक नाही, असं मोजणीत निघालं की जाब ग्रंथपालाला. कित्येक ठिकाणी रक्कमही त्याच्याच पगारातून कापली जायची. आता सांगा, शंभर वाचकांनी पुस्तकं हाताळली म्हणून त्याला कुणी शाबासकी देत नव्हतं आणि एक हरवलं तर त्याचा खिसा कापला जात होता. तो कुलूप लावणार नाही तर काय करील? आपणच त्याला राखणदार नेमलं आणि नंतर म्हणालो, हा नुसता राखणदार आहे.

खजिनदार : म्हणजे दोष आम्हा कार्यकारिणीवाल्यांचा?

ग्रंथपाल : दोष त्या हिशेबाचा. शियाळी रामामृत रंगनाथन यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे ते प्रवर्तक, पण मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले की पुन्हा शिकवायला घ्या म्हणून कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. मुलांनी भरलेल्या वर्गातून ते एका निर्मनुष्य खोलीत येऊन पडले होते. आधी इंग्लंडला जाऊन या, मग बघू, असं ठरलं. तिथे त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली. मुलं, कामगार, गृहिणी येतात, ग्रंथपाल उठून त्यांच्याशी बोलतो, हे पाहिलं आणि परत शिकवायला जायचा विचार सोडला. १९३१ मध्ये त्यांनी पाच सूत्रं मांडली. साध्या भाषेत सांगायचं तर पुस्तकं वापरायला असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. आणि ग्रंथालय वाढतं राहिलं पाहिजे. या पाचांत राखण कुठेच नाही.

खजिनदार : सूत्रं उत्तम आहेत. पण ती विद्यापीठात शोभतात. आपल्या गावात कोण कुणाला पुस्तक मिळवून देतंय?

ग्रंथपाल : थांबा, एक दाखवते. हे पुस्तक बघा. मागच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद बघा. शिक्के नीट वाचा. पुस्तक आलं त्या वर्षी दोनदा बाहेर गेलं. मग २००९ चा एक शिक्का. त्यानंतर थेट २०२१. मधली बारा वर्षं कोरी. आणि २०२१ पासून पुढे हा कागद पुरला नाही, खाली दुसरा जोडलाय.

खजिनदार : २०२१ ला काय झालं? सिनेमा आला का यावर?

ग्रंथपाल : काही नाही झालं. बारा वर्षं ते सगळ्यात वरच्या फळीवर, भिंतीकडच्या कोपऱ्यात होतं. विहिरी, ओढे आणि पाणी अडवण्याच्या जुन्या पद्धतींवरचं साधं पुस्तक. एक शेतकरी आपल्या मुलासाठी गाइड न्यायला आले होते. बोलता बोलता बोअर आटल्याचं म्हणाले. मी शिडी लावून पुस्तक काढलं, पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आपल्या वस्तीवर दुसऱ्याला सांगितलं, त्याने तिसऱ्याला. मग मी ते दाराजवळच्या मांडणीत ठेवलं. पुस्तक तेच, गाव तेच. मधे फक्त कुणीतरी दोघांची गाठ घालून दिली. हे काम मी कुठल्या रजिस्टरात लिहू काका? वार्षिक अहवालात त्याला रकानाच नाही. म्हणून तुम्हाला ते दिसत नाही.

खजिनदार : हे मला खरंच माहीत नव्हतं. पण ताई, हा तुमचा गुण झाला. तुमच्या जागी उद्या येणारा माणूस शिडी लावील याची हमी काय? संस्था एका माणसाच्या चांगुलपणावर चालवता येत नाही. आणि पुस्तक हातात देणारा ग्रंथपालच असावा लागतो असंही नाही. बाबासाहेब आंबेडकरांना लहानपणी पुस्तकं कुणी दिली? कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला, त्याला पुस्तकं पुरवली, मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. केळुसकर गुरुजी शिक्षक होते, ग्रंथपाल नव्हते.

ग्रंथपाल : फार मोलाचं उदाहरण दिलंत. केळुसकर गुरुजींचे उपकार मोठेच. पण त्या मुलाला गुरुजी बागेत भेटले, हा योग होता. त्याच वेळी त्याच मुंबईत किती मुलांना कुणीच भेटलं नसेल! खुद्द बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयं काढण्याचाही समावेश होता. एखाद्या भल्या माणसाची वाट बघायला लागू नये, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, कुणालाही दार उघडं मिळावं आणि आत विचारणारा माणूस असावा, यासाठीच सार्वजनिक ग्रंथालय असतं. आणि हमीचं म्हणाल तर ती प्रशिक्षणातून येते. वाचकाला काय हवंय ते बोलून कसं काढून घ्यायचं, कोणतं पुस्तक विकत घ्यायचं आणि कोणतं नाही, मांडणी कशी करायची, जीर्ण झालेली पुस्तकं बाद कशी करायची, हे सगळं शिकवता येतं आणि शिकता येतं. बडोद्याला शंभर वर्षांपूर्वी हे करून दाखवलेलं आहे.

खजिनदार : सयाजीराव महाराजांनी.

ग्रंथपाल : हो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर गेला, अमेरिकेतली ग्रंथालयं पाहून आला आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्याने बडोद्यात बोलावून घेतलं. पुस्तकं बडोद्यात आधीही होती. कमी होती ती ग्रंथालयं चालवणारी माणसं. बॉर्डनने आल्यावर लगेच ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग काढला. मग मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं आणि पेट्यांत भरून खेड्यात जाणारी फिरती पुस्तकं, असं जाळं उभं राहिलं. महाराजांनी आधी माणूस आणला, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

खजिनदार : महाराजांकडे तिजोरी होती, ताई. आपल्याकडे काय आहे? तुम्ही इतिहास सांगितलात, आता मी आकडे सांगतो. १९४८ मध्ये मद्रासने ग्रंथालय कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी उपकर बसवला. आपल्याकडे तर कोल्हापूर संस्थानाने त्याच्याही आधी, १९४५ मध्ये कायदा केला होता. पण महाराष्ट्राचा कायदा झाला १९६७ मध्ये, आणि त्यात उपकर नाही. म्हणजे सगळी भिस्त अनुदानावर. ते २०१२ नंतर दहा वर्षं वाढलं नाही. मग २०२२ मध्ये ६० टक्के वाढलं. वाढून किती झालं? खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार मिळायचे, त्याचे ४८ हजार झाले. महिन्याला चार हजार. त्यातले निम्मे पगाराला धरले तर दोन हजार. आपला वर्ग वरचा आहे, रक्कम जास्त आहे, पण गणित याच जातीचं. आता अभ्यासिकेची एक खुर्ची महिन्याला पाचशे रुपये देते आणि देवघेवीचा सभासद पन्नास. खजिनदार म्हणून मी काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?

ग्रंथपाल : तुमचे आकडे खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. पण त्याच आकड्यांतून मला दुसरी गोष्ट दिसते. काम शिक्क्याचं आहे असं समजलं गेलं, म्हणून पगार शिक्का मारण्यापुरता दिला गेला. तेवढ्या पगारात येणारा माणूस शिक्काच मारणार, कारण संध्याकाळी त्याला दुसरीकडे हिशेब लिहायला जायचं असतं. मग लोक म्हणतात, बघा, ग्रंथपाल शिक्काच मारतो. आणि त्या मतावर पुढच्या वर्षीचा पगार ठरतो. लोकांना वाटतं ही आरामाची सरकारी नोकरी. आम्ही सरकारी नाही, आम्हाला वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. वेतनश्रेणीची मागणी करत आमच्या पिढ्या निवृत्त झाल्या. ही प्रतिमा नुसती थट्टेची बाब असती तर मी सोडून दिली असती. पण ती आमच्या पगारपत्रकात उतरली आहे.

खजिनदार : तुमचा पगार कमी आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. पण गरजही बघा. आज माहितीसाठी कोण वाचनालयात येतं? माझा नातू मोबाइलवर क्षणात काढतो. तुमच्या सगळ्या कपाटांपेक्षा जास्त माहिती त्याच्या खिशात आहे.

ग्रंथपाल : मोबाइल मीही वापरते, रोज वापरते. पण तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. नेमकं काय विचारायचं हेच पुष्कळांना माहीत नसतं. एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, ‘कायद्याचं पुस्तक आहे का?’ कायद्याचं म्हणजे कशाचं? त्यांना सांगता येईना. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, इकडचं तिकडचं बोलले. हळूहळू निघालं ते असं की वडील वारले होते आणि भाऊ हक्कसोड पत्रावर सही मागत होता. सही केली नाही तर माहेर तुटेल आणि केली तर काय जाईल हे ठाऊक नाही. मी त्यांना सोप्या मराठीतलं वारसा कायद्याचं पुस्तक काढून दिलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींच्या हक्कासाठी महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायदा दुरुस्त केला होता आणि २००५ मध्ये तो बदल देशभर झाला, एवढं पान काढून दाखवलं. सल्ला मी दिला नाही, तो माझा अधिकार नाही. न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते आणि बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, हे सांगितलं.

खजिनदार : मग केली का सही?

ग्रंथपाल : ते मी सांगणार नाही. त्यांच्या भावालाही सांगितलं नाही. तो आठवड्याने आला होता, सहज आल्यासारखा. ‘आमची ताई हल्ली काय वाचायला नेते?’ म्हणून विचारत होता. मी म्हटलं, सभासदाची नोंद दुसऱ्याला दाखवत नाही. थोडा चिडला, गेला. तुम्ही सुरुवातीला म्हणालात ना, ग्रंथपाल लोकांना गप्प बसवतो? आमच्या कामात मौनाला जागा आहे, पण ते आम्ही पाळायचं असतं. कोण काय वाचतं हे आमच्या तोंडून बाहेर जाता कामा नये. अमेरिकेत कनेटिकटमध्ये २००५ साली तपास यंत्रणेने वाचनालयाच्या संगणकांची माहिती मागितली आणि त्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही असा हुकूमही बजावला. तिथल्या चार ग्रंथपालांनी माहिती दिली नाही, कोर्टात गेले आणि शेवटी सरकारला मागे यावं लागलं. तुमच्या नातवाच्या मोबाइलने आजवर त्याच्याबद्दल काय काय कुणाकुणाला सांगितलं असेल, त्याची कल्पना करा.

खजिनदार : या बाजूने मी विचार केला नव्हता. पण सगळेच असे नाजूक प्रश्न घेऊन येत नाहीत.

ग्रंथपाल : नाही येत. मग साधं घ्या. मोबाइलवर जुनं मराठी पुस्तक सापडतं ते का सापडतं? कुणीतरी आधी त्याची नोंद केली म्हणून. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. पहिला खंड १९४० च्या दशकात निघाला, १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा दुसरा खंड १९६१ ला. त्यासाठी आयुष्य घातलं. आज संशोधक एका बैठकीत तारीख-प्रकाशक शोधतो, त्यामागे हे कष्ट आहेत. तुम्ही ज्याला ‘केवळ नोंदी’ म्हणता, त्या नीट केल्या तर शंभर वर्षं कामाला येतात.

खजिनदार : बरं, ग्रंथखरेदीचं काय? गेल्या दहा वर्षांत आपण किती पुस्तकं घेतली आणि त्यातली किती बाहेर गेली, याचा हिशेब मी काढला. निम्म्याहून जास्त पुस्तकांवर एकही शिक्का नाही. म्हणून मी म्हणतो, हा पसारा आहे.

ग्रंथपाल : ती पुस्तकं कुणी निवडली काका? आठवून बघा. मार्चअखेर आली की अनुदान खर्ची पडलं पाहिजे म्हणून घाई. जो विक्रेता जास्त सवलत देईल त्याच्याकडून गठ्ठे. मी वर्षभर वाचकांनी मागितलेल्या पुस्तकांची वही ठेवते. ती वही खरेदीच्या बैठकीत कधी उघडली गेली? गठ्ठे माझ्या टेबलावर आले ते दाखल करायलाच. निवड माझ्याकडे नव्हती. आणि वाचक मात्र म्हणतो, ग्रंथपालबाईंकडे काही चांगलं नाही.

खजिनदार : ही चूक आमच्याकडून झाली. हे मी सभेत सांगायला तयार आहे.

ग्रंथपाल : मग मीही एक कबूल करते. अभ्यासिका हवी. मला ती नकोशी आहे असं समजू नका. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात, टीव्ही चालू असतो, त्या घरातल्या मुलीने भरतीचा अभ्यास कुठे करायचा? आपल्या हॉलमध्येच केला पाहिजे. माझा आक्षेप तिच्या खुर्चीला नाही. खुर्चीभोवतीची पुस्तकं काढून टाकायला आहे. दिवा, पंखा आणि खुर्ची भाड्याने देणाऱ्या खाजगी अभ्यासिका बाजारपेठेत चार निघाल्या आहेत. त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहणार? ती मुलगी परीक्षेत पास झाली तर जाईल, नापास झाली तरी जाईल. दोन्ही वेळा तिच्या हाती गाइडखेरीज एक तरी पुस्तक पडलेलं असावं, एवढी संधी आपण ठेवणार की नाही?

खजिनदार : म्हणजे करायचं काय? तुमच्याकडे तोड असेल तर बोला.

ग्रंथपाल : हॉलमध्ये अभ्यासिका करा, पण भिंतीला लागून पुस्तकांची मांडणी ठेवा. कुलपं काढा. पूर्ण मुक्तद्वार. मोजणीत थोडी पुस्तकं कमी भरतील, ती रीतसर बाद करायचा ठराव दरवर्षी करा, ग्रंथपालाच्या माथी मारू नका. खरेदी समितीत ग्रंथपाल असलाच पाहिजे, वाचकांच्या वहीसकट. अभ्यासिकेच्या उत्पन्नातला ठरावीक भाग ग्रंथपालाच्या पगारात घाला. मुलं संस्थेत येतात ती तिच्या नावावर, आणि ते नाव पुस्तकांनी मिळवलंय. माझ्या जागी पूर्णवेळ, शिकलेला माणूस घ्या. हवं तर माझ्या निवृत्तीच्या आधी सहा महिने घ्या, मी त्याला गाव शिकवीन.

खजिनदार : पूर्णवेळाचं गणित बसेल की नाही याची मला अजून खात्री नाही. मी ते पुन्हा मांडतो. पण ठरावातली ती ओळ काढतो. खरेदीची आणि मुक्तद्वाराची दुरुस्ती मी स्वतः मांडीन. पगाराचा मुद्दा सभासदांनी उचलून धरला तरच टिकेल, हे लक्षात ठेवा. कार्यकारिणी सभेपुढे जात नाही, सभेच्या मागून जाते.

*

खजिनदारांचं हे शेवटचं वाक्य मला या सगळ्यात कळीचं वाटतं. माझं मत ग्रंथपालांच्या बाजूचं आहे, आणि ते मी खजिनदारांचे आकडे मान्य करूनच सांगतो. पैसा अपुरा आहे, त्याची पहिली जबाबदारी सरकारची आहे आणि १९६७ च्या कायद्यात उपकर न ठेवण्याची किंमत ग्रंथालयं आजवर मोजत आली आहेत. पण जो थोडा पैसा येतो तो इमारतीवर, खुर्च्यांवर, सवलतीच्या गठ्ठ्यांवर जातो आणि माणसापर्यंत पोचताना संपतो, याला आपल्या मनातलं ग्रंथपालाचं चित्र कारणीभूत आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पणजीचं ग्रंथालय १८३२ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. एवढी जुनी परंपरा सांगताना आपण संस्थापकांची नावं घेतो, देणगीदारांची पाटी संगमरवरात कोरतो. त्या दारात पिढ्यान्पिढ्या बसून वाचक घडवणाऱ्यांची नावं कुठेच लिहिलेली नसतात. १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीला, ग्रंथपाल दिन म्हणून फुलं देऊन मोकळं होण्याने हे भरून निघणार नाही.

सार्वजनिक वाचनालयाचा सभासद हा त्या संस्थेचा मतदार असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना फलकावर लागते, गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पाच-सहा माणसांत उरकली जाते. या वर्षी त्या सभेला जा. तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षीची पुस्तकं कुणी निवडली? कपाटं सभासदांना उघडी आहेत का? ग्रंथपालाला महिन्याला किती पगार मिळतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मागा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि पगार वाढवण्याचा ठराव तुम्ही स्वतः मांडा. सभासद नसाल तर आधी व्हा. बहुतेक ठिकाणी वर्षाची वर्गणी एका चांगल्या पुस्तकाच्या किमतीपेक्षा फारशी जास्त नसते.